कुष्ठरोग ‘घराण्यात’ असतो का?
एकाच घरातील एकाला रोग होतो, दुसऱ्याला होत नाही; प्रतिकारशक्तीच्या जनुकांनी उलगडलेले जुने कोडे

परभणी - दरवर्षी ३० जानेवारीला, महात्मा गांधींच्या पुण्यतिथीदिनी, गावोगावच्या ग्रामसभांमध्ये कुष्ठरोगमुक्तीची प्रतिज्ञा घेतली जाते. २०१७ पासून ‘स्पर्श’ अभियानाच्या नावाने देशभर चालणारा हा उपक्रम परभणी, जिंतूर, सेलू, मानवत, पाथरी, सोनपेठ, गंगाखेड, पालम आणि पूर्णा या जिल्ह्यातील नऊही तालुक्यांना लागू आहे. कुष्ठरोग जंतूमुळे होतो, औषधाने पूर्ण बरा होतो, रुग्णाशी भेदभाव करू नये, असे त्यात सांगितले जाते. सभा संपते. पण सोयरीक जुळवण्याची वेळ आली, की एक प्रश्न दबक्या आवाजात आजही विचारला जातो - ‘त्यांच्या घराण्यात आहे का?’

या प्रश्नाने अनेक मुलींची लग्ने मोडली, भावकी तुटली. सरकारी फलक त्याचे उत्तर एका शब्दात देतात - ‘नाही’. हे उत्तर खरे आहे. तरीही ऐकणाऱ्याचे पूर्ण समाधान होत नाही, कारण त्याचा स्वतःचा अनुभव काही वेगळे सांगत असतो. आजोबांना रोग होता, पुढे नातवाला झाला, असे घर त्याने पाहिलेले असते. त्याच घरात दहा माणसे वर्षानुवर्षे एकत्र राहिली आणि त्यांतील नऊ जणांना काहीच झाले नाही, हेही त्याने पाहिलेले असते. जंतूच कारण असेल, तर तो नऊ जणांना सोडून एकालाच का धरतो?

या प्रश्नाचे उत्तर आता विज्ञानाने बऱ्याच अंशी शोधले आहे. रोग वारशाने येत नाही. वारशाने येते ती त्या रोगाच्या जंतूशी लढण्याची शरीराची पद्धत. या दोन गोष्टींतील फरक न उमगल्यामुळे कित्येक पिढ्यांवर अन्याय झाला.

वारसा की संसर्ग?

मराठीत या रोगाला ‘महारोग’ आणि ‘रक्तपिती’ अशी नावे होती. रक्तातच दोष आहे, तो पूर्वजन्मीच्या पापाचे फळ आहे, अशी समजूत त्यांमागे होती. परंतु रोग रक्तातून उतरतो असे मानणारे केवळ आपल्याकडचे अडाणी लोक होते, असे समजण्याचे कारण नाही. एकोणिसाव्या शतकातील युरोपचे सर्वांत नामांकित कुष्ठरोगतज्ज्ञ हेच मानत होते. नॉर्वेतील डॅनियल डॅनियलसेन आणि कार्ल बोएक यांनी १८४७ मध्ये कुष्ठरोगावर लिहिलेला ग्रंथ त्या काळी प्रमाण मानला जाई आणि त्यात हा रोग आनुवंशिक ठरवलेला होता.

मुंबई इलाख्यातही हा विषय गाजत होता. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी कडू कवठाच्या बियांच्या तेलाचे प्रयोग करून कुष्ठरोगावर उपचार शोधण्यात आयुष्याची अखेरची वर्षे घालवली. ‘ग्रेज अ‍ॅनाटॉमी’ या जगप्रसिद्ध ग्रंथाची चित्रे काढणारे डॉ. हेन्री व्हॅनडाइक कार्टर हे मुंबईत अध्यापक आणि पुढे सातारा येथे सिव्हिल सर्जन होते. त्यांनी पश्चिम भारतातील कुष्ठरोग्यांचा बारकाईने अभ्यास केला. रोग एकाच कुटुंबात पुन्हा पुन्हा दिसतो, हे पाहून तेही प्रारंभी आनुवंशिकतेच्या बाजूने झुकले होते.

१८७३ मध्ये चित्र पालटले. नॉर्वेतील बर्गन येथे गेरहार्ड हॅन्सेन यांनी रुग्णांच्या गाठींमध्ये काडीच्या आकाराचे जंतू पाहिले आणि हेच रोगाचे कारण असावे, असे मत मांडले. विशेष म्हणजे आनुवंशिकतेचे खंदे समर्थक डॅनियलसेन हे हॅन्सेन यांचे सासरे होते. त्याच वर्षी कार्टर नॉर्वेला गेले, हॅन्सेन यांना भेटले आणि मत बदलून परतले. भारतात आलेल्या कुष्ठरोग आयोगानेही १८९०-९१ मधील पाहणीनंतर रोग आनुवंशिक नसल्याचा आणि त्याचा संसर्गही फार सहज होत नसल्याचा निष्कर्ष काढला. तरीही १८९८ मध्ये ‘लेपर्स अ‍ॅक्ट’ संमत झाला आणि रस्त्यावर भीक मागणाऱ्या रुग्णांना पकडून आश्रमात डांबण्याचा अधिकार सरकारला मिळाला.

परभणी त्या काळी निजामाच्या राज्यात होती. त्या राज्यात निझामाबादजवळ डिचपल्ली येथे डॉ. इसाबेल केर यांनी नरसा गौड या स्थानिक धनिकाच्या साह्याने १९१५ मध्ये कुष्ठरुग्णालय उभारले. परभणी, पूर्णा, नांदेडवरून जाणारा सिकंदराबाद-मनमाड लोहमार्ग याच डिचपल्लीवरून जातो. पुढे मराठी मुलखात अमरावतीचे तपोवन, वरोऱ्याचे आनंदवन अशी केंद्रे उभी राहिली. रुग्णांना आसरा मिळाला. मात्र ‘एकालाच का?’ हा प्रश्न अनुत्तरित राहिला.

वारसा आणि संसर्ग यांचा वाद इतका का रेंगाळला, याचे कारण साधे आहे. एका कुटुंबातील माणसे एकाच छपराखाली राहतात आणि त्यांचे रक्तही एकच असते. जंतू आणि जनुक दोन्ही एकाच उंबरठ्याच्या आत वावरतात. त्यामुळे बाहेरून पाहणाऱ्याला संसर्ग आणि वारसा सारखेच दिसतात.

एक जंतू, अनेक तऱ्हा

कुष्ठरोगाचा जंतू हा क्षयरोगाच्या जंतूचा भाऊबंद. तो अतिशय मंदगतीने वाढतो. अनेक जंतू वीस-तीस मिनिटांत दुप्पट होतात, याला साधारण दोन आठवडे लागतात. म्हणूनच संसर्गानंतर रोगाची लक्षणे दिसायला सरासरी पाच वर्षे, कधी कधी वीस वर्षेही जातात. उपचार न घेतलेल्या रुग्णाच्या दीर्घ सहवासात, प्रामुख्याने श्वासावाटे तो पसरतो. पण त्याच्या संपर्कात आलेल्या माणसांपैकी सुमारे ९५ टक्के माणसांना रोग होतच नाही. त्यांचे शरीर जंतूचा परस्पर बंदोबस्त करते आणि त्यांना त्याची वार्ताही लागत नाही.

उरलेल्यांतही रोग सर्वांना सारखा होत नाही. काहींच्या अंगावर एखाद-दुसरा बधिर चट्टा येतो, त्यात जंतू शोधूनही सापडत नाहीत. काहींच्या त्वचेत मात्र कोट्यवधी जंतू साचतात, चेहऱ्यावर व कानांच्या पाळ्यांवर गाठी येतात. या दोन टोकांच्या मध्ये अनेक पायऱ्या आहेत. डी. एस. रिडले आणि डब्ल्यू. एच. जॉप्लिंग यांनी १९६६ मध्ये या पायऱ्यांची मांडणी केली, ती आजही वापरात आहे. जगभरातल्या कुष्ठरोग जंतूंत आपसांत फारच थोडा फरक असतो. म्हणजे रोगाची इतकी वेगवेगळी रूपे जंतूमुळे पडत नाहीत, ती पडतात रुग्णाच्या शरीराने दिलेल्या प्रतिसादामुळे. जिथे प्रतिकार जोरकस आणि नेमका, तिथे जंतू थोडे. जिथे शरीर या विशिष्ट जंतूला ओळखण्यात कमी पडते, तिथे जंतूंची बेसुमार वाढ.

विशेष हे, की गाठी आलेल्या रुग्णाची एकंदर प्रतिकारशक्ती ढासळलेली असते असे नाही. इतर अनेक जंतूंशी त्याचे शरीर व्यवस्थित लढत असते. फक्त याच एका जंतूपुढे ते गप्प बसते. ‘प्रतिकारशक्ती वाढवा’ अशा जाहिराती करणारे काढे आणि गोळ्या बाजारात ढिगाने मिळतात. पण प्रतिकारशक्ती ही विहिरीच्या पाण्यासारखी कमी-जास्त होणारी एकच एक गोष्ट नव्हे. एका जंतूविरुद्ध बलवान असलेला माणूस दुसऱ्यापुढे दुबळा असू शकतो. असे का, हे समजण्यासाठी पेशींच्या पृष्ठभागावर चालणारा व्यवहार पाहावा लागेल.

मोंढ्यातील वानगी

परभणीच्या मोंढ्यात किंवा मानवतच्या बाजार समितीत शेतमाल विक्रीला आला, की व्यापारी पोते उपसत बसत नाही. मूठभर वानगी हातावर घेतो आणि तिच्यावरून सगळ्या मालाची पारख करतो. शरीरातील पेशींचेही असेच चालते. पेशीच्या आत जी प्रथिने असतात, मग ती स्वतःची असोत वा आत शिरलेल्या जंतूची, त्यांचे बारीक तुकडे करून त्यांची वानगी पेशीच्या पृष्ठभागावर मांडली जाते. ही वानगी ज्या ताटात मांडली जाते, ते ताट म्हणजे ‘एचएलए’ नावाचे रेणू. पारख करणारे असतात ते पांढऱ्या पेशींतील ‘टी-पेशी’ नावाचे सैनिक. वानगी घरचीच आहे असे दिसले, तर ते पुढे जातात. परकी दिसली, तर हल्ल्याचा इशारा देतात.

फ्रान्सचे ज्याँ दोसे यांनी १९५८ मध्ये या गटातील पहिल्या रेणूचे वर्णन केले. त्याबद्दल १९८० मध्ये त्यांना जॉर्ज स्नेल आणि बारुख बेनासेराफ यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले. टी-पेशी जंतूचा तुकडा सुटा ओळखत नाहीत, आपल्याच ताटात मांडलेला असेल तरच ओळखतात, हे पीटर डोहर्टी आणि रोल्फ झिंकरनागेल यांनी १९७४ मध्ये दाखवले आणि १९९६ चे नोबेल मिळवले.

ही ताटे घडवणारी जनुके सहाव्या क्रमांकाच्या गुणसूत्रावर एकमेकांना लागून आहेत. ए, बी, सी आणि डीआर, डीक्यू, डीपी ही त्यांतील प्रमुख होत. मानवाच्या बहुतेक जनुकांचे मोजके प्रकार असतात. एचएलए जनुकांचे आजवर ४० हजारांहून अधिक प्रकार नोंदले गेले आहेत. प्रत्येक प्रकाराच्या ताटाचा खोलगट भाग निराळा, त्यामुळे त्यात बसणारे तुकडेही निराळे. एखाद्याच्या ताटात कुष्ठरोग जंतूचा तुकडा नेमका बसतो आणि टी-पेशींना तो स्पष्ट दिसतो. दुसऱ्याच्या ताटातून तोच तुकडा निसटतो, किंवा अशा रीतीने बसतो की टी-पेशी त्याकडे दुर्लक्ष करतात.

प्रत्येक माणसाला या जनुकांचा एक संच आईकडून आणि एक वडिलांकडून मिळतो. त्यामुळे सख्ख्या भावंडांतही दोन्ही संच तंतोतंत जुळण्याची शक्यता चारात एक एवढीच असते. अस्थिमज्जा रोपणासाठी भावंडांची तपासणी केल्यावर कधी भाऊ जुळतो, कधी बहीण, तर कधी कोणीच जुळत नाही, त्यामागे हेच गणित आहे. आणि एकाच चुलीवरचे खाणाऱ्या दोन भावांपैकी एकाला कुष्ठरोग होऊन दुसरा सुटतो, त्याच्या मुळाशी असलेल्या कारणांपैकीही हे एक आहे.

जुळ्यांपासून जनुकांपर्यंत

याचा पुरावा टप्प्याटप्प्याने जमा झाला आणि त्यातील मोठा वाटा भारतातील अभ्यासांचा आहे. चक्रवर्ती आणि फोगेल या संशोधकांनी पश्चिम बंगाल व आंध्र प्रदेशातील कुष्ठरोगी जुळ्यांचा अभ्यास १९७३ मध्ये प्रसिद्ध केला. एकसारख्या दिसणाऱ्या, म्हणजे एकाच बीजापासून झालेल्या ६२ जोड्यांपैकी सुमारे ६० टक्के जोड्यांत दोघांनाही रोग झालेला होता. दोन बीजांपासून झालेल्या ४० जोड्यांत हे प्रमाण २० टक्के होते. दोन्ही प्रकारची जुळी सारख्याच घरात, सारख्याच संसर्गात वाढलेली. फरक फक्त जनुकांच्या साम्याचा. अशा अभ्यासात दोघेही आजारी असलेल्या जोड्या अधिक सहज नजरेत येतात, हा दोष गृहीत धरला तरी निष्कर्षाची दिशा स्पष्ट होती. मात्र या आकड्याची दुसरी बाजूही तितकीच बोलकी आहे. जनुके संपूर्ण सारखी असूनही शंभरातील चाळीस जोड्यांत एकाला रोग झाला, दुसऱ्याला नाही. जनुक हे विधिलिखित नव्हे, याचा याहून सोपा पुरावा नाही.

तमिळनाडूतील करिगिरी येथील कुटुंबांच्या पाहणीत १९७९ मध्ये एचएलए आणि रोगाचे स्वरूप यांचा संबंध दिसला. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत प्रा. नरिंदर मेहरा यांच्या गटाने कुष्ठरोग आणि क्षयरोग या दोहोंत ‘डीआर-२’ या प्रकाराची भूमिका तपासली. मुंबईत परळच्या केईएम रुग्णालयाच्या आवारातील राष्ट्रीय प्रतिरक्षा रक्तविज्ञान संस्थेतील संशोधकांनी मुंबईच्या कुष्ठरुग्णांतील एचएलए प्रकारांचा अभ्यास करून २००३ मध्ये तो प्रसिद्ध केला. २००९ मध्ये चीनमधील संशोधकांनी रुग्णांची संपूर्ण जनुकमाला चाळून एचएलएखेरीज ‘नॉड-२’सह आणखी काही जनुकांकडे बोट दाखवले.

‘नॉड-२’ आणि ‘टीएलआर-१’ ही जनुके जागल्यासारखे काम करणारे रेणू घडवतात. गावात परका शिरला, की जागल्या आधी हाळी देतो, मग माणसे काठ्या घेऊन धावतात. तसे हे रेणू जंतूच्या कवचाची चाहूल घेऊन पहिला इशारा देतात. २०१० मध्ये दिल्ली आणि कोलकाता येथील रुग्णांच्या अभ्यासात असे दिसले, की ‘टीएलआर-१’चा एक विशिष्ट प्रकार असलेल्यांना कुष्ठरोगाचा धोका कमी असतो. हा प्रकार युरोपीय लोकांत सर्रास आढळतो, भारतात आणि आशियात तुलनेने विरळा आहे. मध्ययुगात युरोपभर असलेला कुष्ठरोग प्रभावी औषधे येण्यापूर्वीच बव्हंशी का ओसरला, या प्रश्नाच्या संदर्भात या शोधाची चर्चा झाली. डेन्मार्कमधील ओडेन्स येथे मध्ययुगीन कुष्ठरोग्यांच्या दफनभूमीतील सांगाड्यांची जनुके २०१८ मध्ये वाचण्यात आली. त्यांत ‘डीआरबी-१’ जनुकाचा १५:०१ हा प्रकार सर्वसामान्यांपेक्षा अधिक आढळला. भारतीय रुग्णांच्या अभ्यासांतूनही याच प्रकाराचे नाव पुढे आले होते. अनेक शतकांच्या आणि हजारो मैलांच्या अंतरावरचे रुग्ण असे एका धाग्याने जोडले गेले.

चांगले जनुक, वाईट जनुक?

मग कुष्ठरोगाला वाट देणारी जनुके निसर्गाने राखलीच का? त्याचे उत्तर असे, की एका रोगात अडचणीचा ठरणारा प्रकार दुसऱ्या रोगात उपयोगी पडतो. एचएलए-बी ५७ हा प्रकार असलेल्यांत एचआयव्हीचा विषाणू अधिक काळ काबूत राहतो. परंतु त्याच कुळातील बी ५७:०१ असलेल्यांना एचआयव्हीवरील अबाकाविर या औषधाची गंभीर अ‍ॅलर्जी होऊ शकते. एचएलए-बी २७ असणाऱ्यांचा पाठीचा कणा आखडणाऱ्या सांधेरोगाकडे कल असतो. ज्या ‘नॉड-२’चा कुष्ठरोगाशी संबंध आहे, त्याचाच आतड्याला सूज आणणाऱ्या क्रोन रोगाशीही आहे. फार आक्रमक प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते, फार मवाळ असेल तर जंतूला मोकळे रान मिळते. म्हणून सर्वांत श्रेष्ठ असा एचएलए प्रकार अस्तित्वातच नाही. समाजात जितके प्रकार अधिक, तितकी एखाद्या साथीत सर्वच माणसे सापडण्याची शक्यता कमी.

महाराष्ट्रात या मुद्द्याला सामाजिक पैलूही आहे. डॉ. वसंत रामजी खानोलकर हे कर्करोग आणि कुष्ठरोग या दोन्ही क्षेत्रांतील थोर संशोधक. रोगाची सुरुवातच मज्जातंतूंत कशी होते, हे त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली दाखवले. एल. डी. संघवी यांच्यासमवेत त्यांनी मुंबईतील, आपसांतच विवाह करणाऱ्या सहा समाजगटांची सात आनुवंशिक लक्षणे तपासली आणि पिढ्यान्‌पिढ्या आपसांत विवाह केल्याने जनुकांच्या प्रमाणात फरक पडलेला दिसतो, हे १९५० च्या सुमारास, डीएनए तपासणीचे युग उजाडण्याआधीच मांडले. पुढे एचएलएच्या अभ्यासांतही हेच दिसून आले. हा फरक उच्च-नीचतेचा नाही, केवळ प्रमाणाचा आहे.

मराठवाड्यात मामाच्या मुलीशी किंवा आत्याच्या मुलाशी विवाहाची चाल जुनी आहे. अशा विवाहात आई-वडिलांकडून एकाच प्रकारचे जनुक मुलाला मिळण्याची शक्यता वाढते. याचा कुष्ठरोगाशी थेट संबंध जोडणे चुकीचे ठरेल. परंतु प्रतिकारशक्तीच्या जन्मजात गंभीर दोषांच्या बाबतीत मात्र तो धोका वास्तव आहे. तान्ह्या बाळाला वारंवार न्यूमोनिया होणे, जखमा न भरणे, नाळ गळून पडायला बराच उशीर लागणे, बीसीजी लसीची गाठ पसरत जाणे, घरात यापूर्वी अशीच मुले दगावलेली असणे, ही त्याची लक्षणे असू शकतात. असे दोष विरळ आहेत. तथापि ती ‘करणी’ नव्हे, तपासणीने कळणारा आजार आहे, हे घरच्यांना ठाऊक असायला हवे.

क्षयरोगाचाही तोच धडा

क्षयरोगाच्या जंतूचा संसर्ग झालेल्यांपैकी दहापैकी नऊ जणांना आयुष्यभर रोग होत नाही. १९३० मध्ये जर्मनीतील लुबेक शहरात बीसीजी लसीत चुकून क्षयाचे जिवंत, घातक जंतू मिसळले गेले. ती २५१ नवजात बालकांना पाजली गेली. त्यांतील ७२ बालके क्षयाने दगावली. बहुतेक उरलेली आजारी पडूनही वाचली. प्रत्येकाच्या पोटात गेलेल्या जंतूंची मात्रा सारखी नव्हती, हे खरे. तरीही एकाच जंतूला वेगवेगळी शरीरे किती निरनिराळे तोंड देतात, याचे हे दुर्दैवी उदाहरण वैद्यकात कायमचे नोंदले गेले आहे.

पण येथेच सावध राहणे आवश्यक आहे. क्षय आणि कुष्ठ या दोन्ही रोगांत जनुकांइतकेच, किंबहुना अधिक वजन परिस्थितीचे असते. अपुरा आहार, कोंदट व दाटीवाटीचे घर, क्षयाच्या बाबतीत मधुमेह, तंबाखू आणि एचआयव्ही, हे सारे प्रतिकारशक्ती खचवतात. जनुके बदलता येत नाहीत. ताटातले अन्न आणि घराची खिडकी बदलता येते. जन्मतः टोचली जाणारी बीसीजी लसही कुष्ठरोगापासून काही प्रमाणात संरक्षण देते.

औषध सुरू झाल्यावर

प्रतिकारशक्तीच्या या ज्ञानाचा रुग्णाला प्रत्यक्ष उपयोग कोठे होतो? सर्वांत आधी, उपचार अर्धवट न सोडण्यासाठी. कुष्ठरोगावर १९८० च्या दशकापासून बहुविध औषधोपचार पद्धती वापरली जाते. रिफाम्पिसिन, डॅप्सोन आणि क्लोफाझिमिन ही औषधे रोगाच्या प्रकारानुसार सहा किंवा बारा महिने घ्यायची असतात आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात ती मोफत मिळतात. उपचार सुरू होताच रुग्णापासून होणारा संसर्ग झपाट्याने थांबतो.

परंतु औषध सुरू असताना, कधी ते संपल्यावरही, काही रुग्णांचे चट्टे अचानक लाल होऊन सुजतात, नसा ठणकतात, हात किंवा पाय लुळा पडू लागतो. ‘औषध लागू पडले नाही’ किंवा ‘औषध उलटले’ असे समजून रुग्ण गोळ्या बंद करतो आणि भगताकडे जातो. वस्तुतः ही ‘रिअ‍ॅक्शन’ असते. शरीराची प्रतिकार यंत्रणा जागी होऊन मेलेल्या वा जिवंत जंतूंवर तुटून पडते आणि जंतू मज्जातंतूंत दडलेले असल्याने त्या धुमश्चक्रीत मज्जातंतू भरडले जातात. कुष्ठरोगातील विकृतींचा मोठा भाग जंतूंपेक्षा या प्रतिक्रियेतून उद्भवतो. वेळेवर स्टेरॉइडचा उपचार मिळाला, तर हात-पाय वाचू शकतात. मूळ औषध मात्र चालू ठेवावे लागते.

याला एक महत्त्वाचा अपवाद आहे. फार थोड्या रुग्णांना डॅप्सोन सुरू केल्यापासून पहिल्या काही आठवड्यांत ताप, अंगभर पुरळ, कावीळ अशी तीव्र अ‍ॅलर्जी होते. ती जिवावर बेतू शकते. अशा वेळी स्वतःच्या मनाने निर्णय न घेता त्वरित डॉक्टरांना दाखवणे आवश्यक असते. ते डॅप्सोन थांबवून पर्यायी औषध देतात. ही अ‍ॅलर्जी प्रामुख्याने एचएलए-बी १३:०१ हा प्रकार असलेल्यांना होते, हे चीनमधील संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवले. पुढे तेथे हा प्रकार नसलेल्या रुग्णांनाच डॅप्सोन देऊन पाहण्यात आले, तेव्हा त्यांच्यात अशी अ‍ॅलर्जी आढळली नाही. भारतातील लोकसमूहांतही हा प्रकार कमी-अधिक प्रमाणात आहे. प्रतिकारशक्तीच्या जनुकांचे ज्ञान प्रयोगशाळेतून थेट रुग्णाच्या गोळीपर्यंत पोहोचल्याचे हे ठळक उदाहरण होय.

सोयरिकीचा प्रश्न

डिसेंबर २००५ मध्ये भारतात कुष्ठरोगाचे प्रमाण दहा हजारांत एकाहून कमी झाले आणि सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून त्याचे निर्मूलन झाल्याचे जाहीर करण्यात आले. त्याचा अर्थ रोग संपला असा अनेकांनी घेतला. प्रत्यक्षात २०२३ मध्ये जगभर नोंदल्या गेलेल्या सुमारे १ लाख ८३ हजार नव्या रुग्णांपैकी १ लाखाहून अधिक एकट्या भारतातील होते.

कायदा मात्र उशिरा का होईना बदलला. १८९८ चा लेपर्स अ‍ॅक्ट २०१६ मध्ये रद्द झाला. जोडीदाराला कुष्ठरोग असणे हे घटस्फोटाचे कारण मानणाऱ्या तरतुदी हिंदू, मुस्लिम, ख्रिस्ती विवाहविषयक आणि विशेष विवाह कायद्यांत होत्या. २०१९ च्या दुरुस्ती कायद्याने त्या काढून टाकण्यात आल्या. सव्वाशे वर्षांपूर्वीच्या आयोगाने जे सांगितले होते, ते कायद्याच्या पुस्तकात यायला इतका काळ लागला. लोकांच्या मनात ते रुजायला आणखी किती लागेल, हे आता घराघरांवर अवलंबून आहे.

तेव्हा ‘घराण्यात आहे का?’ या प्रश्नाचे उत्तर असे देता येईल. कुष्ठरोग कोणाच्याही रक्तात नसतो. रुग्णाचे मूल रोग घेऊन जन्माला येत नाही. नवरा-बायको आयुष्यभर एकत्र राहूनही एकाचा रोग दुसऱ्याला होण्याचे प्रमाण कमीच असते. बरा झालेला माणूस लग्न करू शकतो, मुलांना मांडीवर घेऊ शकतो. रक्ताच्या नातेवाइकांत या जंतूपुढे दुबळे ठरण्याचा कल थोडा अधिक असू शकतो. पण तो कल निरुपद्रवी राहतो, जर घरात जंतूच उरला नाही. आणि जंतू न उरण्याचा मार्ग रुग्णाला लपवण्याचा नाही, त्याला लवकर उपचारापर्यंत नेण्याचा आहे.

म्हणूनच रुग्ण सापडल्यावर आरोग्य कर्मचारी त्याच्या घरच्यांची व शेजाऱ्यांची तपासणी करतात आणि निरोगी निकटवर्तीयांना प्रतिबंध म्हणून रिफाम्पिसिनची एक मात्रा देतात. ही कुटुंबावर ठेवलेली पाळत नव्हे. आशा स्वयंसेविका दारात येऊन अंगावर फिकट वा लालसर, संवेदना नसलेला चट्टा आहे का, असे विचारते, तेव्हा तिला मोकळेपणाने उत्तर देणे आणि चट्टा दाखवणे, हेच त्या घराच्या हिताचे आहे. चट्ट्याला खाज येत नाही, तो दुखत नाही, म्हणूनच तो अंगावर काढला जातो. न दुखणे हेच त्याचे लक्षण आहे.